दादाच्या चाकांची चांदी

माझ्या हातून काय झालं ते सांगतो, पण आधी कपातला चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर मला बोल लावाल. आणि बोल लावायचं काम त्या दिवसांत माझ्याकडे होतं! सगळ्या जगाला मीच बोल लावत होतो.

दादा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फौजेतून सुटून उंब्रजला घरी आला, जुनी पांढरी गाडी घेतली, आणि एक दिवस छातीत कळ आली म्हणून खाली बसला तो उठलाच नाही. झालं. एवढंच. यावर मला जास्त बोलता येत नाही, म्हणून मी चाकांवर बोलतो.

गाडी जुनी होती, पण चाकं! अलॉयची! दादानं पुण्याहून आणून बसवलेली. इतरांच्या गाड्यांना काळी लोखंडी चाकं, आणि आमची अशी की लोक वाकून त्यात बघून भांग पाडायचे. कुणी विचारलं की दादा मिशीवरून बोट फिरवायचा. “चांदी हाय गड्या, चांदी!”

आता दादा चांदी म्हणाला म्हणजे चांदी. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो. दादा सांगेल ते माझं पुस्तक.

तो गेल्यावर मी गाडीवर जीव टाकला. रोज सकाळी चाकं घासायची. कशानं? आई देवाची भांडी ज्यानं घासते त्यानंच. चिंच, राख आणि नारळाचा काथ्या. चार चाकं, दोन तास. अंगातून घाम निघायचा, डोळ्यांतून पाणी निघायचं, आणि कुणी बघितलंच तर राख उडाली म्हणून सांगता यायचं.

आणि एवढी सेवा करूनही काय व्हावं? चाकांवर पांढरे चट्टे उठले! नायटा उठावा तसे! नखानं ओढलं की कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा सुटायचा. खाली धातू कसा, तर गिरणीतल्या पिठासारखा पांढुरका.

मला सांगा, तुम्ही काय समजला असता? मी समजलो, कुणीतरी डाव साधला.

आधी शेजाऱ्यावर पाळत ठेवली. मग दूधवाल्यावर. एका कुत्र्यावरही दोन दिवस संशय होता, कारण ते एकाच चाकाशी येऊन पाय वर करायचं. पण कुत्र्याला एकच चाक आवडायचं, आणि चट्टे चारी चाकांना!

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. सदाशिव पाव्हणं!

सदाशिव पाव्हणं म्हणजे वहिनीचा भाऊ. गाव कवठे महांकाळ, आणि धंदा गलाईचा. आमच्याकडची माणसं पार कुठं कुठं जाऊन जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देतात, ती गलाई. पाव्हणं तिकडं कोइमतूरला भट्टी चालवायचे. दादाच्या बाराव्याला आले होते. सगळी माणसं पंगतीला बसलेली, आणि हे एकटेच गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसलेले! अंगठा चाकाजवळ न्यायचे, मागं घ्यायचे. मी मागून हाक मारली तर दचकून उठले आणि हात खिशात!

गलाईवाला! ज्याच्या घरी तेजाबाच्या बरण्या! ज्याला कशातूनही चांदी काढता येते! आता सांगा, अजून काय पुरावा हवा?

तरी मी पक्का माणूस. गाडी घेऊन साताऱ्याला गॅरेजवाल्याकडे गेलो.

तो चाक बघून म्हणाला, “अलॉयचं असंच व्हतंय.”

“अलॉय म्हंजी काय पण?”

“म्हंजी मिसळ. दोन-चार धातूंची.”

“भेसळ?”

“आता तसं म्हन की!”

भेसळ! गॅरेजवाला पुढं बरंच काही सांगत होता. मी ऐकायला थांबलो कुठं? चांदी काढून घेऊन पाव्हण्यानं आत भेसळ भरली, हे एका मिनिटात सिद्ध झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मला कवठे महांकाळलाच जायचं होतं. वहिनी महिनाभर माहेरी गेली होती, तिला आणायला. आई निघताना दारात येऊन म्हणाली, “बापू, नीट बोल. तुजी जीभ लय तिखट झालीया. ती आली न्हाई तर या घरात आपुन दोघंच उरतो रं.”

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. वहिनी घरात नसली की दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटायचं.

पण वाटेत सांगली लागते ना! तिथं एका सराफाच्या पेढीत शिरलो आणि कागदाच्या पुडीतला पापुद्रा गादीवर ठेवला.

“हे कसाला लावून बघा.”

सराफांनी चष्मा चढवला. “दागिना कुठला?”

“पुढचा डावा.”

“कानातला का?”

“न्हाई. गाडीचा.”

सराफांनी चष्मा उतरवून माझ्याकडं बघितलं, परत चढवला. भला माणूस. पुडीत बोट फिरवून म्हणाले, “अहो, यात चांदीचा एक कण नाही.”

“एक कण सुद्धा?”

“नाही हो.”

“बघा! एक कण सुद्धा ठिवला न्हाई त्यानं!”

“कोणी?”

“आमच्या पाव्हण्यानं!” असं ओरडून मी पायऱ्या उतरलो. पुडी तिथंच राहिली.

कवठे महांकाळात पोचलो तेव्हा वहिनीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. पाव्हणं कोइमतूरहून सुट्टीला आलेले, अंगणात खाटेवर बसलेले. वहिनी चहा घेऊन आली.

“भावजी, चहा घ्या. मग निघू.”

आणि माझ्या तोंडातून गेलं, “चोराच्या घरचा चहा मी घेत न्हाई.”

वहिनीनं कपबशी खाली ठेवली. दाराशी गेली, पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

आईचं वाक्य कानात वाजलं. पण मी काय, ब्रेक नसलेली गाडी!

पाव्हणं शांतपणे म्हणाले, “बापू, काय चोरलं मी?”

“दादाच्या चाकांची चांदी!”

“चांदी?” पाव्हणं उठून गाडीशी आले. “आवं, चांदीची चाकं असती तर पहिल्याच खड्ड्यात त्यांची ताटली झाली असती! तुमी हितवर आलासा कसं?”

“मग दादा चांदी म्हनायचा ते?”

“दाजी तर तुमास्नी वाघ पण म्हनायचे.”

त्यांनी चट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडं वळले. “कशानं धुता?”

“चिंच. आन राख,” मी छाती काढून म्हणालो. “रोज! दोन तास!”

पाव्हण्यांनी कपाळावर हात मारला. “रोज?”

“एक दिवस खाडा न्हाई!”

“आवं बापू, ह्ये अ‍ॅल्युमिनियम हाय. त्याच्यावर वार्निशागत पातळ थर असतोय, त्याची ती चकाकी. तो थर राखेनं खरवडला आन चिंचेनं खाल्ला. चोर हुडकायला तुमी हितवर कशाला आलासा? आरशात बघायचं व्हतं!”

पण अडकलेला माणूस शेवटचं काहीतरी धरतोच. “मग बाराव्याला चाकापशी काय करत व्हतासा? अंगठा कशाला लावत व्हता?”

पाव्हणं चाकाशी उकिडवे बसले. मग चाकाच्या आतल्या कडेकडं बघत म्हणाले, “तितं दाजींच्या बोटाचा ठसा व्हता. ग्रीसचा. पुसावा का ऱ्हाऊ द्यावा, कळंना. ऱ्हाऊ दिला.”

मी त्या कडेवर वाकलो. तिथं काही नव्हतं. तिथं तर मी काथ्या दोनदा फिरवायचो, कारण तिथं जरा काळं दिसायचं.

मी तिथंच मातीत बसलो. आता डोळ्यांत राख उडाली म्हणायला राखही नव्हती.

पाव्हण्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “उटा. पानी लावून पालिशच्या कागदानं घासू, नवा थर मारू. दाजींनी त्या वार्निशाचं नाव गाडीतल्या वहीत लिवलेलं असंल.”

वही? मला ती वही माहीत होती. समोरच्या कप्प्यात होती. दादाचं अक्षर बघायला नको म्हणून तो कप्पाच मी उघडला नव्हता.

वही काढली. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. मी पान उघडून एकेक अक्षर जुळवायला लागलो.

“चा… कं… फक्त… ओल्या… फड… क्यानं… पुसणे.”

“बगा!” पाव्हणं म्हणाले. “पुडं?”

पुढची ओळ मी मनातल्या मनात जुळवली आणि वही मिटली. “पुडं काय न्हाई. ऑइल बदलल्याचं लिवलंय.”

“वाचा की भावजी,” वहिनी दारातून म्हणाली.

“आवं ऑइलचं काय वाचायचं वहिनी!”

“बापू,” पाव्हणं मिशीत हसत होते, “चाकं घ्यायला मी संगट व्हतो. दाजींनी ती ओळ माज्यासमोर लिवलीया. वाचताय का मी सांगू?”

वाचली. काय करणार? मोठ्यानं वाचली.

“बापूला… चाकां… जवळ… फिरकू देऊ नये. घासायला लागला… की थांबत नाही.”

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडली. पण तिचे खांदे हलत होते ते वेगळेच. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती, आणि डोळे पुसत होती, आणि परत हसत होती. मग आत गेली, पिशवी घेऊन आली आणि गाडीत पुढं बसली. चाकं पुढच्या आठवड्यात उंब्रजला येऊन करून देतो, असं पाव्हण्यांनी कबूल केलं.

मी भीतभीत गाडीत बसलो. “वहिनी, माफ करा. मी आता चाकांस्नी…”

“भावजी,” वहिनी समोर बघत म्हणाली, “तुमी गाडी चालवा.”

“व्हय.”

“आन घर येईस्तवर दोनी हात स्टेरिंगवरच ठेवा.”