ताईची किंकाळी

माझी ताई आजवर किती वेळा मेली, हे तिलाही सांगता यायचं नाही. ती बुडून मेली, कड्यावरून पडून मेली, भाला लागून मेली, विष पिऊन मेली, आणि एकदा तर तिला मांजराएवढ्या उंदरांनी खाल्लं. एवढं सगळं करून संध्याकाळी ती घरी यायची आणि भाजी चिरायला बसायची. व्हिडिओ गेममधल्या माणसांना आवाज देणं हे तिचं काम होतं. खेळणारा चुकला की पडद्यावरचं माणूस मरतं, आणि मरताना ते जे ओरडतं ते आधी कुणीतरी एका बंद खोलीत उभं राहून ओरडून ठेवलेलं असतं. ते कुणीतरी म्हणजे आमची ताई.

एरवी तिचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा नाही. भांडणं माझ्याकडे. शाळेत तिची पेन्सिल कुणी पळवली तर मी जाऊन आणायची, आणि मी तिच्याहून धाकटी. आता मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, गिऱ्हाइकांना "ही फ्रेम तुम्हाला अजिबात शोभत नाही" असं तोंडावर सांगते, आणि मालक कपाळाला हात लावतो. ताई मात्र कुणी तिचा पाय तुडवला तर त्यालाच "लागलं का हो?" विचारणारी. अशा बाईला किंकाळ्या फोडायचं काम मिळावं, याचं आम्हाला फार हसू यायचं.

सुरुवातीला ती घरीच सराव करायची. एकदा ती भिंतीखाली सापडून मरत होती, तेवढ्यात दार वाजलं. भावोजी कांदा चिरत होते, ते हातातल्या सुरीसकट दार उघडायला गेले. दारात खालच्या मजल्यावरचं सगळं कुटुंब उभं. "सगळं ठीक आहे ना?" असं विचारताना त्यांचं लक्ष सुरीवर. भावोजी इतके गरीब स्वभावाचे, की त्यांची बोबडीच वळली. मग ताई बाहेर आली आणि "काही नाही, मी मरत होते" म्हणाली, त्यामुळे प्रकरण आणखी चिघळलं. तेव्हापासून ती खाली गाडीत बसून, काचा वर करून ओरडायची. हसण्यासारखं जे काही आहे ते एवढंच, म्हणून आधी सांगून टाकलं.

या कामाची एक रीत असते. साधी वाक्यं आधी घ्यायची, ओरडणं सगळ्यात शेवटी, आणि तेही थोडं थोडं. एकदा घसा ओरडून बसला की त्या दिवशी त्यातून दुसरं काही निघत नाही. ताई ज्यांच्या हाताखाली शिकली ते लोक ही रीत पाळायचे. मग तिला एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं. गेम किल्ल्याचा होता आणि ताईचा आवाज किल्ल्याच्या पहारेकरणीला. खेळणाऱ्याला वेळेत पूल पाडता आला नाही, की फाटकाला आग लागते आणि पहारेकरीण त्यात जळते. त्या जळण्याची किंकाळी तेवढी राहिली होती. त्यासाठी तिला एक अख्खी दुपार बोलावलं.

आवाजाचा दिग्दर्शक काचेपलीकडे बसतो. तो बटण दाबेल तेव्हाच आतल्या माणसाला त्याचं बोलणं ऐकू येतं. आतल्याचं मात्र त्याला श्वासासकट ऐकू येतं. हा दिग्दर्शक गोड बोलणारा, कधी आवाज न चढवणारा. "सुंदर. आणखी एकदा." "फारच छान. आता जरा खरं होऊ द्या." ताई म्हणाली, घसा दुखायला लागलाय. "आलंच आहे हो, थोडंसं राहिलं." रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाने तिला कोमट पाणी आणून दिलं. पुन्हा सुरू. ताई "बास" म्हणणारी बाई नव्हती, आणि हे त्या दिग्दर्शकाला कळत होतं, असं मी आजही म्हणते. बाहेर दिवे लागायच्या सुमाराला तिने जी किंकाळी फोडली, ती मध्येच टरकन फाटली. जुनं कापड फाटावं तशी. पुढे नुसता वारा. ताईला वाटलं, वाया गेली. वर बघते तर काचेपलीकडे सगळे उठून टाळ्या वाजवत होते. दिग्दर्शकाने बटण दाबलं. "हेच! हेच हवं होतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला फोन केला आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

स्वरतंतूवरची रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टरांनी बोलायची बंदी घातली, ती तिने एखाद्या गुणी मुलीसारखी पाळली. पण जखम भरली तेव्हा तिथे वण राहिला आणि ताईकडे उरली फक्त कुजबुज. समोर बसलात तर समजेल, पंखा चालू असला तर नाही. गेमच्या आधी ती सार्वजनिक सूचनांचं काम करायची, त्यामुळे तिच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलची लिफ्ट तिच्याच आवाजात बोलते. आम्ही तिघं तपासणीला जायचो आणि वरून ताई म्हणायची, "दार बंद होत आहे, कृपया सांभाळा." एकदा आमचा मजला आला तरी भावोजी उतरेनात. आणखी एकदा वर-खाली जाऊ या म्हणाले. मला रडू आवरलं नाही. ताईने मलाच पाठीवर थोपटलं.

मी म्हणत होते, कोर्टात खेच त्यांना. ताईला ते नको होतं. तिची मागणी एवढीशी. त्या दिवशी थांबायला हवं होतं, एवढं त्यांनी मान्य करावं. कुणीतरी कंपनीच्या नावाने एकदा तसं म्हणावं, म्हणजे पुढच्या कलाकाराला तरी वेळेत थांबवतील. मला ती मागणी फार भाबडी वाटायची. पण तिला दुसरं काही नकोच होतं, आणि मग मीही त्या एका वाक्यासाठी जिवाचं रान केलं.

गेमच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटचा बातमीदार मी शोधून काढला. भला मुलगा होता. ताईच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसला, तिचं कुजबुजणं लिहून घेत गेला. बातमी आली, ताईच्या नावानिशी. खाली शेकडो लोकांनी लिहिलं. काहींनी हळहळ व्यक्त केली. बाकीच्यांचं म्हणणं, एक किंकाळी फोडायला असं काय लागतं, आणि या रडारडीमुळे गेमच्या दुसऱ्या भागाला उशीर झाला तर जबाबदार कोण? जबाबदार हा शब्द मला तिथे, त्या वाक्यात वाचायला मिळाला. ती किंकाळी तोवर गाजली होती. लोक ती फोनची रिंग म्हणून लावत होते. त्या वर्षी गेमला आवाजाचं बक्षीसही मिळालं.

कंपनीने पत्रक काढलं, की ही बाब आम्ही अत्यंत गांभीर्याने घेत आहोत. मोठ्या लोकांनी गांभीर्याने घेतलेली बाब पुन्हा कुणाच्या हाताला लागत नाही. दिग्दर्शकाला तात्पुरतं बाजूला केलं आणि चौकशी नेमली. चौकशी करणारी वकीलबाई कंपनीनेच निवडलेली, आणि कंपनी म्हणे, ती स्वतंत्र आहे.

मला ताईसोबत बसू दिलं, पण बोलायची परवानगी नव्हती. मी! काचेचं लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, मध्ये बोलणं टिपायला ठेवलेला माइक. वकीलबाईंनी ती किंकाळी लावली. स्वतःचा घसा फाटतानाचा आवाज ताई मान खाली घालून ऐकत बसली.

"हा तुमचाच आवाज?"

ताईने मान हलवली.

"यात तुमचा आवाज अगदी जोरात आहे. थकलेला घसा इतका जोर लावू शकेल का?"

ताई म्हणाली, "म्हणूनच फाटला. दिवस मावळायला आला होता. सगळ्यात शेवटचा आहे हा."

माइकपर्यंत ते पोचलंच नाही. "जरा मोठ्याने बोलाल का?" वकीलबाई म्हणाल्या. खरंच असं म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, तर ताईने माझा पदर धरून मला खाली बसवलं.

बाकीच्या किंकाळ्या मागवल्या तर त्या नव्हत्या. निवडलेली एक ठेवतात, उरलेल्या पुसून टाकतात, ही तिथली पद्धतच. मग दुपारभर काय चाललं होतं हे सांगणार कोण? दिग्दर्शक म्हणाला, ही तर पहिल्याच वेळी आली, आम्ही सगळे थक्क झालो, पुढे जे घेतलं ते सहज म्हणून. कोमट पाणी आणून देणारा मूग गिळून बसला. चौकशीचा निष्कर्ष काय निघाला असेल ते सांगायला नको. किंकाळी पहिल्याच प्रयत्नात मिळाली होती, कलाकाराने त्या वेळी हरकत नोंदवली नव्हती, सबब दोष कुणाचाच नाही. वेबसाइटवर त्याची तीन ओळींची बातमी आली, आणि तिच्या चारी बाजूंनी त्याच गेमच्या दुसऱ्या भागाच्या जाहिराती. मी बातमीदाराला फोन केला. तो ओशाळून म्हणाला, संपादक म्हणतात, विषय जुना झाला. दिग्दर्शक कामावर परत आला. आमच्या तोंडाला मात्र पानं पुसली.

त्यानंतर ताईने तो विषय काढला नाही. मीच काढायची. भांडी घासताना, जिना चढताना, "पहिल्याच वेळी म्हणे!" एवढंच म्हणून मी धुमसायची. ताई म्हणायची, पुरे आता. पण तिचंही मिटलेलं नव्हतं, मला दिसत होतं. तिला गप्प राहण्याची आयुष्यभर सवय होती, पण खोटी ठरण्याची नव्हती.

परवा सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे गेले होते. ताईचा फोन वाजला. तिचे फोन आम्हीच उचलतो. नंबर अनोळखी, पलीकडे एक मुलगी, घाईत, दबक्या आवाजात. रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाने गुपचूप नंबर दिला म्हणाली. किल्ल्याच्या गेमचा दुसरा भाग चालू आहे, त्यात पहारेकरणीची मुलगी आहे आणि तीही जळते. ते काम हिला मिळालंय. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मला बाईंना एकच विचारायचं होतं. सर सारखी त्यांची किंकाळी लावतात आणि म्हणतात, अशीच पाहिजे. मध्ये जो आवाज फाटतो ना, तो मला जमतच नाहीये." तिचा घसा बसलेला होता. शब्दांच्या कडा खरखरत होत्या. "सर म्हणाले, त्यांनाही लगेच जमलं नव्हतं. सगळी दुपार गेली, शेवटी शेवटी आला. म्हणून आपणही धीर धरायचा."

मी ओरडलेच. "काय म्हणाले ते? शेवटी आला? अगं, चौकशीत बरोबर उलटं सांगितलं त्याने! हे तू त्या बातमीदाराला सांगशील?"

"नको नको, मला नका ओढू यात. माझं काम जाईल."

"मग ऐक. तो अभिनय नव्हता. तिचा घसा फाटला होता. आज तिला बोलता येत नाही."

"हो, मी वाचलंय ते," मुलगी म्हणाली. "म्हणून तर तो इतका खरा वाटतो ना." मग अजिजीने, "खरंच शेवटी आला होता का, एवढंच सांगा. म्हणजे मी करत राहते."

मी ताईकडे पाहिलं. हो म्हणायला माझी जीभ वळवळत होती. आम्ही ज्या एका गोष्टीसाठी दारोदार फिरलो, ती आज कुणीतरी आपण होऊन विचारत होतं. ताईने माझं मनगट धरलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"सांग तिला, पहिल्याच वेळी आला."

"ताई!"

"सांग. पहिल्याच वेळी आला, ताणून येत नाही म्हणावं. घरी जा म्हणावं."

माझा धीर होईना. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पकड ढिली होत नव्हती. शेवटी त्या दिग्दर्शकाचं वाक्य मी माझ्या तोंडाने म्हटलं. "पहिल्याच वेळी आला होता. ताणून येत नाही तो. तू थांब आता, घरी जा."

मग ती म्हणाली, "पहिल्याच वेळी? मग मीच कमी पडतेय." मागून कुणीतरी तिला गोड आवाजात हाक मारली. "आले सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"परत लाव," ताई म्हणाली.

मी लावला. फोन बंद होता. रेकॉर्डिंगच्या खोलीत जाताना तो बंदच करून जावं लागतं.