सातशे मीटरची सकाळ

विमानतळावर सगळे त्यांना मीटरबाई म्हणत. तोंडावर बाई, पाठीमागे मीटरबाई, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हवामान कार्यालयात निरीक्षक म्हणून त्यांनी सव्वीस वर्षं काढली. दर अर्ध्या तासाला उठायचं, जिना चढून गच्चीवर जायचं, चारी दिशांना बघायचं आणि खाली येऊन एक ओळ लिहायची: वारा कुठून आणि किती, किती लांबचं दिसतंय, ढग किती उंचावर, तापमान, हवेचा दाब. ती ओळ माझ्याकडे टॉवरवर यायची आणि मी ती वैमानिकांना वाचून दाखवायचो. त्यातला दाबाचा आकडा लावल्याशिवाय विमानाला आपली उंची नीट कळत नाही. आकडा चुकला तर वैमानिकाला वाटतं आपण चांगले उंच आहोत, आणि जमिनीचं मत वेगळं असतं.

लांबचं किती दिसतं हे मोजायला बाईंकडे यंत्र नव्हतं, खुणा होत्या. अग्निशमन केंद्राचा लाल दरवाजा सहाशे मीटरवर. निलगिरीची रांग आठशेवर. पाण्याची टाकी बाराशेवर आणि वीटभट्टीचं धुराडं दोन हजारांवर. दरवाजा दिसला आणि झाडं दिसली नाहीत, तर सातशे. आमच्या धावपट्टीवर दीड हजार मीटरच्या खाली विमान उतरवायची परवानगी नव्हती. म्हणजे नुसती टाकी दिसली तरी शंकाच, आणि झाडं दिसेनाशी झाली की विषयच संपला.

घरी मात्र त्यांच्या नोकरीचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या की आज पाऊस येणार का, कपडे बाहेर घालू का. बाई सांगायच्या की अंदाज वर्तवणारे लोक वेगळे, ते मोठ्या शहरातल्या कार्यालयात बसतात. आपण फक्त आत्ता जे आहे ते लिहितो.

"आत्ता जे आहे ते मलाही दिसतं," सासूबाई म्हणायच्या. "त्याला सरकार पगारी माणूस ठेवतं?"

नवरा पोस्टातून निवृत्त झालेला, मितभाषी माणूस. तो यावर वर्तमानपत्र जरा उंच धरायचा.

मग एका वर्षी आमच्याकडे यंत्र आलं. दोन खांब, त्यांच्यामध्ये एक प्रकाशाचा झोत, आणि हवेत किती धूसरपणा आहे ते मोजून आकडा थेट टॉवरवर. बाईंनी रीतसर टिपण लिहून कळवलं की धुकं नेहमी धावपट्टीच्या खालच्या टोकाला, तळ्याच्या बाजूने चढतं, तेव्हा यंत्र तिकडे बसवावं. टिपण वर गेलं. यंत्र बसलं दुसऱ्या टोकाला, इमारतीजवळच्या उंचवट्यावर, कारण तिथे वायर कमी लागत होती आणि उद्घाटनाच्या खुर्च्या मांडायला जागा सपाट होती.

उद्घाटनाला खुद्द हवामान खात्याचे महासंचालक येणार होते, विमानाने, सकाळी आठ दहाला. आमच्या विमानतळाच्या व्यवस्थापकांनी पंधरा दिवस झोप घेतली नव्हती. आदल्या संध्याकाळी मोठ्या शहरातून अंदाज आला: सकाळी सहा ते नऊ धुक्याची शक्यता. तो अंदाज महासंचालकांच्याच खात्याचा होता. त्यांनी तो वाचला नसेल, किंवा वाचून त्यावर विश्वास ठेवला नसेल. दोन्ही गोष्टी त्यांना शोभण्यासारख्या होत्या.

साडेसातला बाईंनी दोन हजार लिहिले. पावणेआठला तळ्यावरून पांढरं काहीतरी उठलं आणि कुणाला घाई नसल्यासारखं धावपट्टीवर सरकू लागलं. सात बावन्नला बाईंनी तातडीची ओळ पाठवली. सातशे.

व्यवस्थापक गच्चीवर धावले. पुढचं मला नंतर बाईंकडूनच कळलं. ते म्हणाले की आपण जिथे उभे आहोत तिथे लख्ख ऊन आहे. बाई म्हणाल्या, आहे. ते म्हणाले की खाली मंडप आहे, ऐंशी माणसांचा चहा आहे, पेपरचा फोटोग्राफर आहे. बाई म्हणाल्या, तेही दिसतंय. मग त्यांनी शेवटचा हुकमी पत्ता काढला.

"अहो, ते नवीन यंत्र तीन हजार दाखवतंय. यंत्र काय खोटं बोलतं?"

"साहेब, यंत्राचं उद्घाटन अजून व्हायचंय," बाई म्हणाल्या. "तोवर त्याचा आकडा ग्राह्य नाही. तुम्हीच परिपत्रक फिरवलंय."

व्यवस्थापक तिथून खाली उतरले आणि त्यांनी मला फोन केला. यंत्राचा आकडा सांगून टाक, म्हणाले, बाकीचं मी बघतो. मी खिडकीतून पाहिलं. जवळचं टोक उन्हात चमकत होतं आणि लांबचं टोक कुणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं होतं. खरं सांगतो, मी लगेच बोललो नाही. समोर दोन आकडे होते, एक माझ्या साहेबांच्या सोयीचा. मी बाईंना फोन लावला आणि विचारलं, पक्कं ना?

"लाल दरवाजा दिसतोय, झाडं दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "यात पक्कं-कच्चं काय असतं?"

मी वैमानिकाला सातशे सांगितलं. तोवर सात सत्तावन्न झाले होते.

विमान वेळेवर आलं आणि डोक्यावर घिरट्या घालू लागलं. थोड्या वेळाने वैमानिकाने कळवलं की मागे बसलेल्या एका मोठ्या साहेबांनी निरोप पाठवलाय, त्यांना खिडकीतून धावपट्टी स्वच्छ दिसते आहे. वैमानिकाच्या आवाजात काहीच नव्हतं. त्यालाही ती दिसत होतीच. धुक्याचा थर असा कितीसा जाड असतो? वरून सरळ खाली पाहिलं तर रुमालाआडून पाहिल्यासारखं दिसतं. पण उतरताना विमान तिरकं येतं, आणि तिरकं आलं की तेवढाच थर आडवा पार करावा लागतो. मग समोर नुसती भिंत. वैमानिकाने बावीस मिनिटं वाट पाहिली, इंधनाचा हिशेब केला आणि विमान परत मोठ्या शहराकडे वळवलं.

नऊ दहाला धुकं गेलं. थोडं मागे उरावं, एखादा धागा तरी, तर तेही नाही. पाहुणे आले तेव्हा आकाश असं निळं होतं की फोटोग्राफरला दुसरं काही टिपण्यासारखं मिळेना. त्याने मंडप, रिकामी मधली खुर्ची आणि वर ते आकाश असा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. खाली लिहिलं होतं: दाट धुक्यामुळे महासंचालकांचे विमान परतले.

ती बातमी सासूबाईंनी बाई घरी यायच्या आधीच दोनदा वाचली होती.

"तू त्यांना उतरू दिलं नाहीस म्हणे."

"मी कोण उतरू देणारी? मला दिसलं ते लिहिलं."

"दिसत नव्हतं ते लिहिलंस," सासूबाई म्हणाल्या, आणि एकाच वाक्यात सुनेची नोकरी अचूक सांगितली गेली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आठवड्याने पत्र आलं. महासंचालकांनी स्वतः विमानातून धावपट्टी पाहिली असता दृश्यमानता सातशे मीटर कशी नोंदवली याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. बाईंनी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दोन पानं लिहिली. वरून सरळ पाहणं आणि तिरकं पाहणं यातला फरक सांगितला, आकृती काढली, आणि हाच फरक प्रशिक्षणाच्या पुस्तकात अमुक पानावर दिला असून त्या पुस्तकाची प्रस्तावना महासंचालकांनीच लिहिली आहे, असं शेवटी जोडलं. नवऱ्याने कागद वाचला. पोस्टात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर नजर फिरवलेला माणूस; त्याने पेन्सिल घेतली आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली.

"हे काढ."

"का? खरं आहे ते."

"म्हणूनच काढ."

बाईंनी प्रस्तावना काढली. पान नंबर ठेवला.

मी मात्र ते तीन दिवस जीव मुठीत धरून होतो. ओळ मिळाल्यापासून ती वैमानिकाला सांगेपर्यंत मी पाच मिनिटं घालवली होती, आणि टॉवरवरचं सगळं बोलणं टेपवर असतं. खुलाशाची प्रत बघितली तर त्यात त्याचा उल्लेख नव्हता. मी बाईंना विचारलं. वेळा त्यांच्या वहीत होत्याच.

"खुलासा माझ्याकडे मागितलाय," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे मागितला की तुम्ही द्या."

मला त्या दिवशी त्यांचा थोडा रागच आला. उपकार केल्यासारखं बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर चौकशीसाठी एक अधिकारी आला. विमानाने नाही, बसने. तीन सकाळी तो बाईंबरोबर गच्चीवर उभा राहिला आणि तीनही सकाळी वीटभट्टीचं धुराडं विटा मोजता येतील इतकं स्वच्छ दिसलं. त्याच्या चेहऱ्यावर बाईच चुकल्या असा निष्कर्ष उमटू लागला होता. चौथ्या सकाळी तळ्याने मनावर घेतलं. यंत्र अठ्ठावीसशे दाखवत होतं आणि निलगिरीची झाडं नव्हती. अधिकारी मोठा कसोशीचा माणूस. प्रत्यक्ष खात्री करतो म्हणून तो जीपने खालच्या टोकाला गेला, उतरून चार पावलं चालला, आणि मग ड्रायव्हरला तो सापडेना. हाका मारून मारून दहा मिनिटांनी दोघांची गाठ पडली. त्याच्या अहवालात हा भाग नाही, पण अहवालाचा सूर त्यानंतरच बदलला असं मला वाटतं.

अहवालाप्रमाणे यंत्र तळ्याकडच्या टोकाला हलवायचं ठरलं, म्हणजे बाईंच्या टिपणात लिहिलं होतं तिथेच. टिपणाचा उल्लेख नव्हता. बाईंना वेगळं पत्र आलं. त्यांची नोंद नियमानुसार असल्याचं मान्य करून शेवटी लिहिलं होतं की यापुढे महत्त्वाच्या प्रसंगी योग्य तो समन्वय ठेवावा. बाईंनी ते पत्र मला दाखवलं आणि विचारलं की हा समन्वय धुक्याशी ठेवायचा की महासंचालकांशी. मी म्हटलं, दोघेही आपलं ऐकत नाहीत.

आठ महिन्यांनी पुन्हा उद्घाटन झालं. त्या सकाळी हवा इतकी स्वच्छ होती की विमान डोळे मिटून उतरलं असतं. महासंचालक गाडीने आले. सात तासांचा रस्ता. भाषणात ते म्हणाले की हे यंत्र मानवी नजरेच्या मर्यादा ओलांडतं, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनीही. चहाच्या वेळी व्यवस्थापकांनी बाईंची ओळख करून दिली. महासंचालकांनी जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. उंच, थकलेला, खरं तर सज्जन माणूस होता.

"वरून धावपट्टी अगदी स्वच्छ दिसत होती हो," ते म्हणाले.

"हो साहेब," बाई म्हणाल्या. "वरून दिसते."

त्यांनी मान हलवली आणि बिस्किट घेतलं.

यंत्र चांगलं चाललं. इतकं चांगलं की निरीक्षकांच्या चार जागांपैकी तीन रद्द झाल्या. फक्त तळ्याकाठी कीटक फार, आणि कीटक तिथे कोळी. झोताची काच जरा उबदार असते, ती त्यांना मानवली. पहिल्याच महिन्यात भर उन्हात यंत्राने दीडशे मीटर दाखवले आणि एक विमान परत गेलं. बाई मऊ फडकं घेऊन सायकलने खालच्या टोकाला गेल्या, जाळं काढलं, आणि दृश्यमानता एकदम दहा हजारांवर गेली.

त्यानंतर खात्याने परिपत्रक काढलं की यंत्र बरोबर बघतंय की नाही हे रोज प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्यासाठी एक माणूस नेमावा. ते काम उरलेल्या चौथ्या जागेवरच्या बाईंकडे आलं. पदाचं नाव यंत्र सहायक, म्हणजे कागदोपत्री निरीक्षकाच्या एक पायरी खाली. त्या आधी गच्चीवर जाऊन खुणा बघायच्या, मग यंत्राचा आकडा बघायच्या, आणि दोन्हींत फरक पडला की सायकल काढायच्या. सासूबाईंना हे काम मात्र पटलं. जाळी काढायला माणूस लागतो, हे त्यांना समजण्यासारखं होतं.

तीन वर्षांनी त्या पदावरूनच बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. कोळी आहेत.