जहाजाभोवती एक फेरी

माझ्यावर सगळ्यांत जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी द्वारकाआत्याचं नाव घेईन; आणि ते नाव ओठांवर येताच ओल्या अंबाडीच्या दोराचा वास नाकात भरून येतो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, ती माहेरी, बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरला आली आणि आमच्या विहिरीवरचं रान तिनं एकटीनं सांभाळलं. दसऱ्याच्या सुमारास विहीर तुडुंब असायची. तेव्हा वस्तीवरच्या पोरांच्या कमरेला ती दोर बांधायची, पाठीवर पांगाऱ्याचं हलकं लाकूड आवळायची आणि स्वतः काष्टा मारून पायऱ्यांवर उभी राहायची. "मार की हात! पानी काय खातंय का तुला?" दोराचं दुसरं टोक तिच्या मुठीत असे. तिनं ते कधी सैल सोडलं, हे मात्र आम्हाला कधीच कळलं नाही.

एका विधवा बाईनं पोरांना पोहायला शिकवावं, याचं गावात कुणाला नवल वाटे, कुणाला राग येई. आत्या म्हणायची, "बुडाल्यावर काय ही मान्सं येनार हायत काढाया?" आणि उन्हाळ्यात विहीर आटली, की तिची शाळा अंगणात भरायची. सुतळीच्या बाजेवर आम्हाला पालथं निजवून ती हातपाय मारायला लावायची. डोक्यावर रणरणतं ऊन, खाली कोरडी माती आणि मध्ये बाजेवर पोहणारी पोरं! रस्त्यानं जाणारे सायकल थांबवून हसायचे. आत्याला त्याचं काही नव्हतं. "पानी यील तवा यील. सवय मोडाया नको," एवढंच तिचं उत्तर.

त्याच बाजेवरून मी नौदलात गेलो, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही. बारावी झाल्यावर भरतीत निवडलो गेलो. प्रशिक्षणकेंद्राच्या तलावात पहिल्यांदा उतरलो, आणि सरळ पोहायचं सोडून डावीकडे वळत वळत शेजारच्या पोराच्या अंगावर जाऊन आदळलो. पुन्हा पोहलो, पुन्हा तेच. आमची विहीर गोल. भिंतीला उजवा खांदा धरून आम्ही पोहायचो. गोल पाण्यात वाढलेल्या माणसाला सरळ रेषा परकी असते, हे मला तोवर कुठे ठाऊक होतं? तलावाच्या कडेला चिकटून, भिंतीची सोबत धरून मी कशीबशी पोहण्याची परीक्षा पार केली.

मग जहाज आलं. पहिल्या दिवशी धक्क्यावर उभा राहून मी त्या राखाडी, उंच, निःशब्द लोखंडाकडे पाहत राहिलो. डोंगर पाहिल्यावर होतं तसं मन झालं. धारूरचा किल्ला प्रथम पाहिला तेव्हाही असाच मान वर करून उभा होतो; पण किल्ला जागचा हलत नाही, आणि हा किल्ला उद्या पाण्यावरून चालणार होता! आत शिरलो तर अरुंद शिड्या, एकावर एक तीन बिछाने, डिझेलचा आणि रंगाचा वास, आणि पायांखाली अखंड थरथरणारं इंजिन. पहिले काही दिवस मला त्या थरथरीनं झोप येईना. पुढे सुट्टीवर घरी आलो की ती थरथर नाही म्हणून झोप येईना.

जहाजावरच्या माणसांचं मला सर्वांत कौतुक वाटलं ते त्यांच्या चिकाटीचं. समुद्र रोज लोखंड खातो. पहाटे शिट्टी झाली की आम्ही गंज खरवडायचो, रंग द्यायचो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेतो पहिलं टोक पुन्हा तांबूस दिसायला लागायचं. कुणी त्रागा करत नसे. आमच्या बालाघाटच्या उतारावर दरवर्षी पावसानं फुटलेले बांध दरवर्षी घातले जातात, तशीच ती निष्ठा. बांध घालणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या मला ते काम कधी हलकं वाटलं नाही. तिथंच, तिन्हींतल्या मधल्या बिछान्यावर, डोक्याशी छोटा दिवा लावून मी बी.ए.ची पुस्तकं वाचली. आमच्या घरातला पहिला पदवीधर असा भर समुद्रात, लाटांच्या हेलकाव्यांवर घडला.

पण माझा जीव गुंतला होता तो एका लहानशा बोटीत. कुणी समुद्रात पडलं तर ती रबरी बोट क्षणात खाली सोडतात आणि तिच्यातला पोहणारा पाण्यात झेपावतो. तो पोहणारा मला व्हायचं होतं. इतकी माणसं माझ्या शिक्षणासाठी, माझ्या पोटासाठी राबली. मीही कुणाच्या तरी उपयोगी पडावं, ही एकच ओढ होती. बोटीची माणसं निवडत चीफ तांडेल. रायगडच्या किनाऱ्यावरचा माणूस, जन्म होडीतच गेलेला. माझी इच्छा ऐकून ते डेकवर सगळ्यांदेखत हसले. "काय रे बीड, तुमच्याकडे पाणी टँकरनं येतं ना? मग तू पोहायला कुठे शिकलास, टँकरमध्ये?" मी म्हटलं, "न्हाई साहेब, बाजेवर." त्यावर जो हशा उठला, तो जेवणाच्या रांगेपर्यंत पुरला. हसू ओसरल्यावर चीफ म्हणाले, "खोल समुद्रात जहाजाला एक फेरी मारून दाखव. जमलं तर बोट तुझी. नाही जमलं तर पुन्हा विचारायचं नाही."

संधी लवकरच आली. एका निवांत दुपारी कप्तानांनी भर समुद्रात इंजिनं थांबवली आणि पोहायची परवानगी दिली. शार्कवर नजर ठेवायला बंदूकधारी पहारेकरी उभा राहिला, बाजूला दोरांची जाळी सोडली गेली, आणि पोरं आरोळ्या ठोकत उड्या मारू लागली. मी काठावर थिजलो. पाण्याचा तो निळा रंग! इतका दाट, इतका निर्मळ निळा मी कधी पाहिला नव्हता. त्या सौंदर्याचीच मला धडकी भरली. आमच्या विहिरीत बुडी मारली की पायाला गाळ लागतो; तळ आहे, याचा एक दिलासा असतो. इथे तळ कुठे होता?

डोळे मिटून उडी घेतली. वर आलो तो थेट जाळीला मिठी मारली. वरून चीफ ओरडले, "ती काय बाज आहे का? सोड!"

सोडली. डावा खांदा जहाजाकडे ठेवून हात मारायला लागलो, आणि शरीर आपोआप त्याच्या जुन्या वळणाला लागलं. विहिरीत भिंत बाहेर असायची आणि मी आत. इथे भिंत आत होती आणि मी बाहेर, एवढाच फरक. मागच्या टोकाशी मात्र ती भिंत संपली. समोर नुसतं क्षितिज. हात जड झाले, तोंडात खारट पाणी गेलं, परत फिरावं असं वाटलं. तेवढ्यात कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "बीड!" मग दुसरा, मग तिसरा. पंजाबचे, केरळचे, ओडिशाचे गळे एकाच सुरात गर्जू लागले, "बीड! बीड! बीड!" माझ्या जिल्ह्याचं नाव दुष्काळाच्या बातमीखेरीज इतक्या मोठ्यानं घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या आवाजानं मला जहाजाच्या दुसऱ्या बाजूला ओढून आणलं. जाळी धरून वर चढलो. चीफनी अंगावर टॉवेल फेकला. "वाकडा पोहतोस लेका. पण येतोस परत." आणि बोटीच्या माणसांत माझं नाव लागलं.

पुढच्या बंदरात उतरताच मी आत्याला पत्र लिहिलं. फोनवर ती नुसती "जेवलास का?" म्हणून ओरडते, पत्र मात्र शेजारच्या पोरीकडून सावकाश वाचून घेते. ते पत्र असं:

"ती. आत्यास बालाजीचा साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. परवा एक गोष्ट झाली. समुद्रात आमच्या जहाजाला मी पोहून फेरी मारली. आता कुणी पाण्यात पडलं तर त्याला आणायला मला पाठवतील. तू घाबरू नको, बोट जवळच असते. समुद्र लई मोठा हाय आत्या, तू पाहायला पाहिजे. सगळे विचारत होते, कुणी शिकवलं. मी तुझं नाव सांगितलं, तर कुणाला खरं वाटेना. इथं बोलतात, की आता पोरींनाही नाविक म्हणून जहाजावर घेणार आहेत. ते ऐकल्यापासून एकच मनात येतं. तू आज माझ्या वयाची असतीस आणि या जहाजावर असतीस, तर त्या बोटीत मला कुणी जागा दिली नसती."