अस्वलाचा मध आणि माझी हाव

लहानपणी वाचलेली एक रशियन लोककथा मी मुलीला मराठी मंडळाच्या कथाकथन स्पर्धेसाठी शिकवायला घेतली. गोष्ट सोपी होती. एक म्हातारं अस्वल एका शेतकऱ्याला म्हणतं, रोज एक भांडं आण आणि मध भरून ने. तो पहिल्या दिवशी वाटी नेतो, मग हंडा, मग घसरगाडीवर भलंमोठं पिंप. परत येताना गोठलेल्या नदीवरचा बर्फ त्या ओझ्याने फुटतो. झालं, संपली गोष्ट.

मुलगी नऊ वर्षांची, मस्कतजवळच्या माबेल्यात वाढलेली. शाळेत सगळं इंग्रजी, मराठी फक्त घरात आणि शुक्रवारी मालवणच्या आजोबांशी फोनवर. तिने ही गोष्ट दोन दिवसांत सात वाक्यांत बसवली आणि छान सांगितली. तिथे थांबायला काय हरकत होती? पण मला बक्षीस दिसायला लागलं होतं. मी ‘जंगल’ खोडून ‘हिमाच्छादित अरण्य’ केलं. दुसऱ्या दिवशी ‘लोभाविष्ट’ घातलं. आठवड्याभरात दोन पानं झाली. लोभ वाईट असं पोरीला रोज बजावताना मला त्यातली गंमत कळली नाही, इतकी मी हट्टाला पेटले होते. नवरा मस्कतच्या ट्रॅफिकमधून दमून यायचा आणि दारातच म्हणायचा, “खलास कर आता. कंटाळलीय ती.” मी त्याला जेवायला वाढायचे आणि पुढचा परिच्छेद घ्यायचे.

कार्यक्रमात ती ‘हिमाच्छादित’ नीट म्हणाली. ‘लोभाविष्ट’वर अडली. मी पहिल्या रांगेतून ओठ हलवून शब्द दाखवला, त्याने ती आणखीच गोंधळली. “सॉरी” म्हणून खाली उतरली. गाडीत बसल्यावर म्हणाली, “मम्मा, आय डोन्ट वॉन्ट टू स्पीक मराठी एनीमोर.” एरवी ती मला आई म्हणते.

ती बोलली तशीच वागली. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. त्याने माझं काही अडत नव्हतं. पण आजोबांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. पुढचे तीन शुक्रवार ती फोनसमोर नुसता हात हलवून उठून गेली. “चेडू रागावला काय गो माझ्यार?” वडिलांनी मला विचारलं. मला रडू आलं. शाळेचा अभ्यास खूप आहे, असं मी खोटंच सांगितलं.

चौथ्या शुक्रवारी आम्ही दोघी अल मवालेहच्या भाजीबाजारात होतो. ऊन फार म्हणून तिला एसी चालू ठेवून गाडीत बसवलं, फोन तिच्याजवळच राहिला. समोरच्याच गाळ्यावरून मी टोमॅटोचा खोका घेऊन वळले, तर काच अर्धी खाली होती आणि ती बोलत होती.

“आजोबा, तो माणूस रोज बिग भांडा आणला. अस्वल काय नाय बोलला.”

“मगे काय झाला?”

“मग बर्फ ब्रेक झाली. माणूस पाण्यात गेली. खलास.”

“आणि मध?”

“मध पण गेली.”

आजोबा खो खो हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिला मी दिसले. फोन तसाच धरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आता मी काय काय दुरुस्त करणार याची वाट बघत.

जिभेवर सगळं तयार होतं. मी खोका डिकीत ठेवला आणि काही घ्यायचं नसताना परत गाळ्याकडे चालू लागले. मागून पुन्हा तिचा आवाज येईपर्यंत मी कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत उभी राहिले.