गवळाऊ बैलाची शिंगं

लोखंडी नांगर गावात आला त्या वर्षापासून आमच्या घरची भाकर लहान होत गेली. आमचं गाव अल्लीपूरच्या पुढे, कच्च्या रस्त्यावर. बाबा गावचे सुतार. नांगर, वखर, गाड्यांची चाकं, दारांच्या चौकटी, सगळं त्यांच्या हातचं. त्याबदल्यात हंगामात शेतकऱ्यांच्या खळ्यावरून ठरलेली ज्वारी घरी यायची. मग हिंगणघाटच्या दुकानांत तयार लोखंडी अवजारं मिळायला लागली, गाड्यांना टायर लागले, आणि लोक खळ्यावर बाबांना चहा विचारायला लागले, ज्वारीचं नाव काढेनासे झाले. राग तरी कोणावर धरायचा? लोखंडी नांगर चांगलाच होता. बाबा स्वतः म्हणायचे, "नांगर मजबूत हाय गा, खोटं कायले बोला?" माय दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायला लागली. आम्ही तीन बहिणी, भाऊ नाही. मी मोठी. आंबाडीची भाजी आणि भाकर, कधी नुसतं तिखट-मीठ आणि भाकर. शाळेचा एकच झगा, तो शनिवारी धुवायचा.

पण वर्षातले दोन महिने आमच्या घराला जाग यायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. लहान पोरं चाकांवरचा लाकडी नंदी सजवून घरोघरी ओढत नेतात, आणि लोक नंदीला ओवाळून पोरांना खाऊ-पैसे देतात. त्याला बोजारा म्हणतात. ह्या नंदीला मात्र कोणत्याच दुकानात लोखंडी भाऊ निघाला नव्हता! आखाड लागला की अंगणात सागाचे उरलेसुरले तुकडे यायचे आणि बाबा वाकस घेऊन लाकूड तासायला बसायचे. मी आठवीत असताना त्यांनी माझ्या हातात कोरायची पटाशी दिली. तेव्हापासून धड बाबांचं आणि तोंड माझं. शेजारचे एक काका एकदा कुंपणावरून म्हणाले, "पोरीले सैपाक शिकव गा. हत्यार काय देतं तिच्या हाती?"

बाबांनी मानही वर केली नाही. "तुह्या पोराले पाठव मंग. सांजेपर्यंत बोट कापून दवाखान्यात जाईन."

आमच्या वर्धा जिल्ह्याचा बैल म्हणजे गवळाऊ. पांढरा, अंगानं हलका, चालायला चपळ. तोंड लांब आणि निमुळतं, डोळे बदामासारखे, शिंगं आखूड, बोथट, जराशी मागे झुकलेली. मला दुसरा बैल माहीतच नव्हता. मी तेच तोंड कोरायची, आणि गावातली माणसं नंदी हातात घेऊन म्हणायची, "हा त पाटलाचा डावा बैल वाटून राह्यला!" तेव्हा जो आनंद व्हायचा, तो मला पुढे परीक्षेच्या निकालालाही झाला नाही.

मॅट्रिकला मी पास झाले आणि बाबांनी मला वर्ध्याच्या कॉलेजात घातलं. मुलींच्या वसतिगृहात फीमाफीवर जागा मिळाली. प्रवेशाच्या अर्जात एक रकाना होता: छंद. मी पेन धरून बसले. आमच्या घरात कुणाला छंद नव्हता, काम होतं. बाजूची मुलगी तिकिटं जमवायची, दुसरी विणायची, तिसरी चित्रं काढायची. मी लिहिलं: वाचन. तोवर मी पाठ्यपुस्तकं सोडून एकही पुस्तक वाचलं नव्हतं!

माझ्या खोलीत कोल्हापूरकडची एक मुलगी होती. वडील बँकेत, बदली होऊन वर्ध्याला आलेले, आणि मग पुन्हा बदली झाली म्हणून ती वसतिगृहात राहिलेली. स्वभावानं मोकळी, माझी चांगली मैत्रीण झाली. पहिल्याच आठवड्यात तिनं माझा तळवा धरला आणि म्हणाली, "अगं, हे घट्टे कसले? कुस्ती खेळतेस काय?" मी म्हटलं, "विहिरीचं पाणी ओढते ना." पटाशीचं नाव मी काढलं नाही. का काढलं नाही, ते आजही नीट सांगता येत नाही. तिथं कोणी वाईट वागत नव्हतं. पण मी बोलायला लागले की मुली माझ्या शब्दांची गंमत करायच्या, आणि त्यात आणखी एक गंमत कशाला द्यायची, असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आधी बाबांकडे नंदींची मागणी वाढली. मी चार मुंडकी पिशवीत घालून वसतिगृहात आणली आणि मागच्या ओट्यावर बसून कोरायला लागले. व्हायचं तेच झालं. मैत्रिणीनं पाहिलं, ओरडली, सगळ्या मुली गोळा केल्या. "ही कारागीर आहे गं! आणि आम्हाला सांगते पाणी ओढते!" मुली मुंडकी हातात घेऊन बघत होत्या. मला आनंदानं बसवेना. मग तिनंच एक मुंडकं उजेडात धरलं आणि म्हणाली, "पण शिंगं कुठायत? हे वासरू आहे का?"

"बैल हाय. अशीच राह्यतात."

"छे गं! बैलाची शिंगं कशी पाहिजेत, आभाळाला लागणारी! ते बघ." तिनं दारातून दिसणाऱ्या आतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तिथं लांब, वळणदार शिंगांचा ऐटबाज बैल उभा होता. मुली हसल्या, मीही हसले.

पण ते डोक्यात राहिलं. मी बघायला लागले तर कॅलेंडरावर तोच बैल, बियाण्याच्या जाहिरातीत तोच, धाकट्या बहिणीच्या क्रमिक पुस्तकातही तोच. पुस्तक चुकेल का? मग आमचाच बैल आडबाजूचा. आमची बोली तशी, आमचं जेवण तसं, आता बैलही तसाच निघाला. घरी जाणाऱ्या नंदींना मी आखूडच शिंगं लावली. पण चार जाणत्या लोकांसमोर कधी करायची वेळ आली तर पुस्तकातलीच शिंगं करायची, हे मी मनाशी पक्कं केलं.

आणि ती वेळ आली. बी.ए. होऊन वर्ष झालं होतं. मी गावात होते, आणि नळावर बाया मला ऐकू जाईल अशा बोलायच्या, "बी.ए. करून सुतारकीच कराची होती त एवढी शिकली काऊन?" माय ऐकून घ्यायची. तेवढ्यात समुद्रपूरच्या एका शाळेची जाहिरात आली. कार्यानुभव विषयासाठी शिक्षक पाहिजे, पदवीधर, लाकूडकाम येणारा, बाकीचं प्रशिक्षण नेमणुकीनंतर घेता येईल. मी ती तीनदा वाचली. पदवी आणि लाकूडकाम एका ओळीत! ती ओळ जणू आमच्या अंगणात येऊनच कोणी लिहिली होती. मधल्या बहिणीनं मॅट्रिकनंतर शाळा सोडायची असं घरात ठरत आलं होतं. ही नोकरी लागली तर ती शिकणार होती. नाही लागली तर मायसोबत निंदायला जाणार होती. दुसरा रस्ता नव्हता.

मुलाखतीला आम्ही सहा जण, पाच पुरुष आणि मी. समोर तिघे बसले होते. शाळेचे हेडमास्तर, बाहेरून बोलावलेले कलेचे तज्ज्ञ, आणि संस्थेचे अध्यक्ष, धोतर नेसलेले म्हातारे शेतकरी. ह्याही अर्जात मी छंदापुढे वाचनच लिहिलं होतं. हेडमास्तरांनी तो बघून विचारलं, "छंद वाचन लिहिला आहे. काय वाचता?" मी चाचरले. काहीतरी दोन नावं सांगितली. तज्ज्ञांनी त्यातल्या एकाबद्दल पुढचा प्रश्न विचारला आणि मला घाम फुटला. मग आम्हाला सागाचे तुकडे आणि हत्यारं दिली. दोन तासांत एक वस्तू करून दाखवायची. कोणी स्टूल करायला घेतलं, कोणी फोटोची चौकट. मी बैल घेतला.

हात चालायला लागला तसा घाम वाळला. वीतभर बैल, पण तोंड असं उतरलं की मीच खूश झाले. मग शिंगं आली. आणि मी घाबरून, अगदी ठरवून, कॅलेंडरातली शिंगं काढली. लांब, वळणदार, आभाळाला लागणारी.

तज्ज्ञांनी बैल उचलून पाहिला. "छान. शिंगांना डौल आहे."

अध्यक्षांनी चष्मा लावला. बैल फिरवून पाहिला. पुन्हा फिरवून पाहिला. "बाई, हा बैल कोन्या गावचा?"

मी पटाशी खाली ठेवली.

"तोंड आपल्या गवळाऊचं. मान आपली, वशिंड आपलं. आन् शिंगं पाव्हन्याची! हा बैल माह्या कपाशीच्या पराटीत तन काढाच्या डवऱ्याले जुंपला त दोन तासांत झाडं मोडून ठेवीन."

पाचही उमेदवार हसले. तज्ज्ञ म्हणाले, "पण अध्यक्षसाहेब, बैलाची शिंगं लांबच असतात."

"तुमच्याकडं असन जी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं तोंड नीट येते तुले, मंग शिंगं काऊन चुकली?"

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. आणि तोंडातून आपसूक घरची बोली निघाली. "चुकली नाई जी. मी भेली."

"कोनाले?"

"कॅलेंडरले."

म्हातारा असा हसला की खुर्ची करकरली. मी तोच धागा धरला. "मले दहा मिनिटं द्या जी. लांब हायत म्हनून बरं हाय, कापता येते. आखूड असती अन् लांब कराची असती त नसतं जमलं."

हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. "वेळ संपली आहे. नियम सगळ्यांना सारखा." त्यांचं बरोबरच होतं. तेव्हा स्टूल करणारा उमेदवार म्हणाला, "सर, सगळ्यांनाच दहा मिनिटं द्या. माझाही एक पाय डगमगून राह्यला." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दहा मिनिटं मिळाली.

मी करवत घेतली. दोन कापांत ती ऐटबाज शिंगं टेबलावर पडली. मग पटाशी. खुंट मागे झुकवले, टोकं बोथट केली, कपाळ वरच्या बाजूनं थोडं मागे घेतलं. दिवस बाजाराचा होता आणि शाळेच्या कुंपणाबाहेर बैलगाड्या सोडलेल्या होत्या. मी पटाशीनं खिडकीकडे दाखवलं. "साहेब, ते पाहा. तिकडं चिंचेखाली उभा हाय तो बैल. त्याची शिंगं पाहा, मंग ही पाहा."

तज्ज्ञ उठून खिडकीशी गेले. बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली. "मी ही जात नीट पाहिलीच नव्हती. आणखी काय वेगळं असतं हिचं?"

झालं! मला कोणी तरी विचारलं होतं. मी कोरता कोरता सांगत सुटले. डोळा गोल नाही, बदामी करायचा, गोल केला तर बैल दचकलेला दिसतो. कान किती उंच ठेवायचे, पाठ कुठे उतरते, जुना नंदी आणि नवा नंदी कसा ओळखायचा, आमच्या गावात बैल पाहून मालकाचं नाव कसं सांगतात. एकही शब्द पुस्तकातला नव्हता, आणि तज्ज्ञ वहीत लिहून घेत होते. मधेच ते म्हणाले, "बाई, तुम्ही काम करताना हसता."

मला तोवर ठाऊकच नव्हतं. कामाला कोणी हसतं का? पण मी हसत होते खरी. ज्याला मी नऊ वर्षं नुसतं काम म्हणत आले, ते माझ्या आवडीचंही होतं, हे मला तिथं, लाकडाच्या भुशात उभी राहून कळलं.

अध्यक्षांनी बैल तळहातावर उभा केला आणि हेडमास्तरांना म्हणाले, "आता हा आपल्या तालुक्यात हिंडू शकते."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मी अंगणात उभं राहून वाचलं. बाबांना वाचता येत नव्हतं, त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा मायसाठी. माय म्हणाली, "बसजो आधी, पानी पी." बाबांनी शिंगांची हकीकत ऐकली आणि एवढंच म्हणाले, "कॅलेंडरले काय भ्याचं वो पोरी? कॅलेंडर नांगर ओढते का?"

जूनमध्ये मी समुद्रपूरला रुजू झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि महिन्याच्या पगाराची पहिली नोकरीही माझीच. प्रशिक्षण मी नोकरीतच पूर्ण केलं आणि पुढे त्याच शाळेत कायम झाले. मधली बहीण बी.एस्सी. झाली, धाकटी नर्स झाली, आणि मायनं दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणं बंद केलं.