तळ्याच्या पट्टीवाल्या मावशी

पट्टीवाल्या मावशींना खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या कागदावर. बावीस वर्षं त्या रोज सकाळी डोंगरावरच्या तळ्याकाठी जात, पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीवरचा आकडा वहीत लिहीत आणि खालच्या कचेरीत फोनवर कळवत.

"यात काम ते काय?" असं म्हणणाऱ्याला त्या एकदा तळं दाखवायला नेत आणि चांगलं दमवून परत आणत. हे तळं माणसानं नाही, बर्फानं खोदलंय, हे त्या घरचंच कौतुक सांगावं तसं सांगत. हजारो वर्षं हिमनदी दरी तासत खाली आली. तिनं ढकलत आणलेल्या दगडमातीचा तोंडाशी ढीग झाला. मग ती मागे सरली, मागे खड्डा राहिला, त्यात पाणी साचलं आणि ढिगाचाच बांध झाला. बांधाखाली नदी, नदीकाठी वस्ती, आणि वस्तीत मावशींची लेक, तान्ह्या बाळासह.

यंदा महिन्याभरात आकडा हातभर चढला. नवे इंजिनियर साहेब धावत वर आले.

"पाणी फार वाढलंय, मावशी. उद्या मशीन आणून बांधात चर खणतो."

"पाणी वाढलेलं नाही, साहेब. आज सकाळीच बघून आलेय."

साहेब हसले. आकडे तर मावशींच्याच अक्षरात होते! मावशींनी हुज्जत घातली नाही. साहेबांना पलीकडच्या काठावर नेलं. तिथे अखंड खडक होता, हिमनदीनं घासून गुळगुळीत केलेला, अंगावर तिचेच लांब ओरखडे. एका ओरखड्याला पाणी टेकलं होतं.

"दर पहिल्या तारखेला मी इथे येते. कुणी सांगितलेलं नाही, आपली सवय. गेल्या महिन्यात पाणी इथंच होतं. हा खडक हलत नाही. पट्टी मात्र तुमच्या लोकांनी बांधाच्या ढिगात रोवली. ढिगाच्या पोटात जुना बर्फ आहे, तो वितळतोय. पट्टी खाली बसली, म्हणून आकडा चढला."

साहेबांनी उपकरण लावून दोनदा तपासलं. चेहरा खुलला. "म्हणजे धोका नाहीच!"

मावशींचं डोकंच फिरलं. "पट्टी एकटी कशी बसेल? अख्खा बांध बसतोय! त्यात चर खणलात तर सगळं तळं खाली जाईल. बांधावरून पाइप टाकून पाणी काढा. आणि वस्ती आजच्या आज रिकामी करा."

साहेबांनी कचेरीला फोन लावला. मावशींनी लेकीला.

"आई, बाळ आत्ताच झोपलंय गं. आणि तूच म्हणतेस ना, मी वर आहे तोवर बिनघोर राहा?"

"हो. आणि आता मीच सांगतेय, त्याला उचल आणि चढाला लाग."

 बाळ रडलं, दाराची कडी वाजली, मग नुसत्या धापा ऐकू येऊ लागल्या. ती वस्तीवरचं वळण ओलांडेपर्यंत मावशींनी फोन कानापासून दूर केला नाही.