सर्व्हरवाले तात्या

आमच्या बारामतीच्या कॉलेजचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना सगळे तात्याच म्हणायचे. वेबसाइट बंद पडली की कीबोर्डला हात लावण्याआधी ते विचारायचे, "शेवटचं काय बदललं? लाजू नगंस, मशीन कुनाला सांगत न्हाय."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी माझ्या हातून एक फाइल पुसली गेली आणि अर्जाचं पान उघडेना. लॅबमधलं माझं काम सुटलं तर घरी काय सांगू, कळेना. तात्यांनी फाइलची जुनी प्रत शोधली, पण खुर्ची मलाच दिली.

"तूच पुसलीस, तूच लाव. मी हाय हितं."

पान उघडलं.

यंदा तात्या कॉलेज सोडून इंदापूरला गेले. परवा साइट बंद पडली, ती मी एकट्यानं सुरू केली. नुसती खुशाली विचारायला धीर होईना, म्हणून फोन लावून खोटंच म्हणालो, "तात्या, साइट उघडंना. काय करू?"